छंदाच्या रकान्यातली थाळी

चंदर हिलमने आयुष्यात चुका पुष्कळ केल्या, पण लेखी चूक एकच. पेणला रामवाडीजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिक्षकाची जागा निघाली, तेव्हा त्याने अर्जाला बायोडाटा जोडला. नाव, जमात, जन्मतारीख, एम. ए. इंग्रजी, बी. एड., सगळं बरोबर. शेवटचा रकाना छंदाचा. त्या रकान्यात लोक वाचन लिहितात, क्रिकेट लिहितात, ज्यांना काहीच सुचत नाही ते प्रवास लिहितात. चंदरने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'थाळी वादन'.

लिहिताना मान ताठ होती. तुमच्याकडे हार्मोनियम असेल तर आमच्याकडे थाळी आहे, असा त्यातला भाव.

मुलाखतीला चार माणसं बसली होती. मधल्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष दत्तात्रेय घरत. खाडीपट्ट्यातले, मिठागरात वाढलेले. पेणमध्ये त्यांना सगळे दत्तूशेठ म्हणतात. त्यांचं बोट बायोडाट्यावरून घसरत घसरत शेवटच्या रकान्यावर येऊन थांबलं. इंग्रजीचं त्यांनी काहीच विचारलं नाही. खरंच वाजवतोस का, एवढंच विचारलं. चंदर म्हणाला, वाजवतो. कोणाकडून शिकलास? बापाकडून. दत्तूशेठनी मान हलवली आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे काम पुऱ्या शिक्षकाचं आणि हातात मानधन. तीन वर्षं नीट गेली की संस्थेने प्रस्ताव पाठवायचा, मग कायम.

आता हा चंदर इंग्रजीपर्यंत पोचला कसा? रोह्याहून कुंडलिकेच्या कडेने निघालं की कारखाने मागे पडल्यावर डोंगराच्या पायथ्याशी पंचवीस-तीस घरांची कातकरवाडी लागते, उंबरटेक. तिथे सखा हिलमचं घर. कुडाच्या भिंती, आणि गळू नये म्हणून छपराला आतून शिवलेल्या सिमेंटच्या गोण्या. लहानपणी चंदर पाठीवर पडून त्या गोण्या वाचायचा. पहिलं इंग्रजी वाक्य त्याला पुस्तकाने शिकवलं नाही, छपराने शिकवलं. यूज नो हुक्स, म्हणजे गोणीला आकडा लावू नका. त्या वयात अर्थ कळेना म्हणून आश्रमशाळेत गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले की हे अभ्यासक्रमात नाही. तेव्हा त्याला जो राग आला तो एम. ए. होईपर्यंत उतरला नाही. बाकीची पोरं भाषेच्या प्रेमात पडतात, हा तिच्या मागे हात धुऊन लागला. शब्दकोश रोह्याच्या रद्दीवाल्याकडून आणला, पहिली चाळीस पानं नसलेला. त्यामुळे 'ए'ने सुरू होणारे शब्द आपले पुढे कितीतरी वर्षं कच्चे राहिले, हे तो वर्गात स्वतःच सांगतो आणि पोरांच्या आधी हसतो.

थाळी बापाची. काशाची जुनी थाळी, मधोमध मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली बारीक काडी. बोटांना राख लावून काडी वरून खाली ओढली की थाळी घुमते. आवाज मोठा नसतो, पण तो कानात कमी आणि छातीत जास्त ऐकू येतो. त्या घुमण्यावर सखा गायचा, आणि गायचा म्हणजे रस्ता सांगायचा. उंबरटेकात माणूस गेलं की दिवसकार्याला सखाला बोलावणं यायचं. गेलेल्या माणसाला सखा वाट दाखवायचा. तुझं दार सोड, पाणवठा सोड, उंबर उजव्या हाताला ठेव, नदीचा उतार धर. तो माणूस जन्मभर जिथे जिथे चालला ती ठिकाणं एकामागून एक, थेट वाडवडील बसलेत तिथपर्यंत. एक जरी ठिकाण सुटलं तर जीव तिथेच घुटमळतो, असं वाडी मानते. म्हणून सखा आधी त्या घरी जाऊन बसायचा, विचारून विचारून वाट पाठ करायचा, मगच थाळीला हात लावायचा. लग्नाला थाळी नाही, होळीला नाही, बारशाला तर नाहीच. तिथे ढोलकी आहे आणि पाय दुखेपर्यंत नाच आहे. थाळी फक्त गेलेल्यांची.

हे चंदरने शाळेत कोणालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या डब्यातले मुठे, म्हणजे ओढ्यातले खेकडे, बघून एक बाई खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाशी गेल्या होत्या. एकदा कोणीतरी पाठीमागे 'कोट्यातले' म्हणालं. तेव्हा त्याने तिथल्या तिथे वळून सांगितलं की पात्रता परीक्षेचे माझे गुण मी फळ्यावर लिहितो, शेजारी तुम्ही तुमचे लिहा. फळ्यावर एकच आकडा राहिला, चंदरचा. असल्या स्टाफरूममध्ये आपलं वाद्य मर्तिकाचं आहे असं सांगून त्यांच्या हातात आयती काठी कोण देईल? लोकवाद्य आहे, एवढंच तो म्हणायचा. लोकवाद्य म्हटलं की माणसं समाधानाने मान हलवतात आणि पुढचं विचारत नाहीत.

शिकवणं मात्र त्याने थाळीतूनच उचललं होतं. नववी ब म्हणजे गावभरच्या शाळांनी नको म्हटलेली पोरं. खाडीपट्ट्यातली, वाड्यांवरची, मूर्तीच्या कारखान्यात आईबाप रंगकाम करतात त्यांची. रोज एकाने उठायचं आणि घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता इंग्रजीत सांगायचा. पाठ केलेला निबंध चालणार नाही. दारात काय आहे, वळणावर कोणाचं कुत्रं आहे, हायवे कुठे ओलांडतोस, तिथे पोटात काय होतं. शब्द अडला तर खाली बसायचं नाही, मराठी शब्द घालायचा आणि पुढे चालायचं. बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचं आणि एखादं ठिकाण सुटलं की हात वर करायचा. पहिल्या वर्षी पोरं दोन वाक्यांत शाळेत पोचायची. तिसऱ्या वर्षी एकेकाला पोचायला पंधरा मिनिटं लागू लागली. धड्यातले उतारे बाकावर बोटांनी ठेका धरून म्हणायचे. शेजारच्या वर्गातून तक्रार आली की हा तास आहे का लग्न. चंदरने निरोप पाठवला, लग्नच आहे, अक्षता टाकायला या.

शाळेला पंचवीस वर्षं होणार होती. डिसेंबरातल्या एका रविवारी सोहळा ठरला. मुख्याध्यापक प्रदीप सावंत यांनी चंदरला ऑफिसात बोलावलं आणि कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद पुढे सरकवला. ईशस्तवन, स्वागत, सत्कार, मग आदिवासी नृत्य. वाडीवरच्या पोरापोरींनी पानं नेसायची, डोक्याला पिसं लावायची, तोंडावर पांढरे पट्टे ओढायचे. पोशाख भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे सांगून झाले होते, प्लास्टिकची पानं, धुऊन परत करता येतात. आणि नृत्याआधी प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला हिलम सरांचं थाळी वादन.

"थाळी ही अध्यक्षांची खास इच्छा आहे," सावंत म्हणाले. मग त्यांनी पेपरवेटखालचा दुसरा कागद दोन बोटांनी उचलून दाखवला आणि परत ठेवला. चंदरला कायम करण्याचा प्रस्ताव. अध्यक्षांची सही व्हायची होती. कार्यक्रम छान होऊ दे, मग याचं बघू, असं ते अगदी गोड आवाजात म्हणाले.

प्रमुख पाहुणे ऐंशीच्या घरातले, निवृत्त साहेब. त्यांच्यासमोर बसून आपण थाळीवर म्हणतोय, साहेब, दार सोडा, अंगण सोडा, उंबर उजव्या हाताला ठेवा. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि चंदरला हसू दाबावं लागलं. त्याच क्षणी खरं सांगून टाकता आलं असतं. पण तीन वर्षं झाकलेलं झाकण सावंतांच्या टेबलावर उघडायला त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग आला. तो राग त्याने पानांवर काढला. पोरं पानं नेसणार नाहीत, असं तो म्हणाला.

अहो, तुमचीच परंपरा आहे ती, असं सावंत समजावू लागले. तेवढ्यात नाचाची पुढारी म्हणून बोलावलेली पारी वाघे आत आली. नववी ब मधली, पेणजवळच्याच एका वाडीवरची, बारीक चणीची आणि जिभेने धारदार. सावंतांनी तिला पोशाखाचा फोटो मोबाइलवर दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून नीट पाहिला.

"सर, आमच्या वाडीत पानं शेळ्या खातात," पारी म्हणाली. "नेसत कोण नाय."

कोपऱ्यातल्या क्लार्कबाई अनिता खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या. सावंतांनी पेपरवेट उचलून दुसऱ्या जागी ठेवला. विचार करा, एवढंच ते म्हणाले, आणि ते पारीला उद्देशून नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चंदरने रोह्याची एसटी धरली. नागोठण्याच्या पुढे खड्ड्यांत गाडी हेलकावत होती आणि त्याच्या डोक्यात सगळा हिशेब उलटसुलट चालला होता. वाजवलं तर बापाला काय तोंड दाखवायचं? नाही वाजवलं तर तीन वर्षं पाण्यात. परत रोह्यात शिकवण्या घ्यायच्या, परत अर्ज करायचे, आणि वाडीतली पोरं म्हणणार की शिकून काय झालं, चंदर पण परत आलाच.

सखा नदीकाठी जाळं दुरुस्त करत बसला होता. चंदरने सगळं सांगितलं. म्हातारा आधी हसला, इतका की जाळं हातातून सुटलं. मग त्याने जाळं परत मांडीवर ओढलं. जित्या माणसासमोर वाजवलीस तर माझ्या थाळीला परत शिवायचं नाही, हे त्याने सांगितलं, आणि त्यात चंदरला नवीन काही नव्हतं. पुढचं नवीन होतं.

"मागितली कोणी? हेडमास्तरनं का शेटनं?"

"शेठनी."

"आगरी हाय ना तो? मिठागरातला?" सखाने सुईत दोरा ओवला. "त्यांच्या मिठागरांत आपलीच मानसं राबत होती. त्याला ठाव नसंल व्हय थाळी कशाची ती? जाऊन इचार त्याला, कोनासाठी पायजे. थाळी उगाच कोन मागत नाय."

रविवारी सकाळी चंदर दत्तूशेठच्या गावी गेला. पेणपासून खाडीच्या दिशेने मिनीडोर रिक्षा जिथपर्यंत जाते तिथपर्यंत, पुढे चालत. दत्तूशेठ ओटीवर एकटेच बसले होते. चंदरने चहा येण्याची वाट पाहिली नाही. थाळी स्वागताला वाजत नाही, मेलेल्या माणसासाठी वाजते, मी ती पाहुण्यांसमोर वाजवणार नाही, असं त्याने उभ्यानेच सांगून टाकलं. इतकी वर्षं जे झाकलं ते सांगायला चार वाक्यं पुरली. त्याला वाटलं, आता शेठ दचकतील.

"मना ठाव हाय," दत्तूशेठ म्हणाले. "बस."

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना चंदरकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांचा थोरला भाऊ हिराजी. दत्तू शाळेत जावा म्हणून हिराजीने शाळा सोडली आणि मिठागर धरलं. तीस वर्षांपूर्वी उधाणाला बांध फुटला. फुटला त्या जागी हिराजी माती टाकायला उतरला आणि पाण्याबरोबर गेला. सापडला नाही. शेजारच्या मिठागरात काम करणारी कातकऱ्यांची माणसं दुसऱ्या दिवशी घरी आली. माणूस सापडला नाय तर त्याला वाट सांगायला पायजे, आमचा थाळीवाला आणतो, असं म्हणाली. दत्तूशेठनी त्यांना अंगणातूनच हाकललं. तुमचं ते आमच्यात नको, असं म्हणाले. तेव्हा ते नुकते पदवीधर झाले होते, अंगात शिक्षण नवं नवं होतं. पुढे शाळा काढली, नाव झालं, आणि दर उधाणाला तो बांध डोळ्यांपुढे येत राहिला. कोणाकडे जाऊन थाळी मागायची? ज्यांना हाकललं त्यांच्याकडे? तेवढ्यात एक दिवस मुलाखतीला बायोडाट्यावर तो रकाना दिसला. शाळेच्या सोहळ्यात वाजेल, कोणाला कळणार नाही, आपण मनात हिराजीचं नाव घेऊ. असा त्यांचा बेत होता.

चंदरच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली आणि ती कानशिलात बसल्यासारखी बसली. मुलाखतीत इंग्रजीचा एकही प्रश्न का आला नव्हता, ते आत्ता कळलं.

"म्हणजे मला थाळीसाठी घेतलंत," तो म्हणाला. "इंग्रजीसाठी नाय."

दत्तूशेठ गडबडले. तसं नव्हे मास्तर, तुझे कागद चांगलेच होते, असं काहीबाही बोलले. सावंतांनी प्रस्ताव अडकवून धरल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. ते ऐकून त्यांनी सावंतांना एक खारी शिवी दिली आणि आत्ताच्या आत्ता कागद मागवून सही करतो म्हणून आत फोन करायला उठले.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? सही घेतली असती आणि नमस्कार करून निघाला असता. चंदरला त्या घटकेला शहाणपण परवडणारं नव्हतं. आत्ता सही घेतली तर जन्मभर तो थाळीवर लागलेला मास्तर राहणार होता. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, त्याला कळलं असतं.

"सही आत्ता नको," तो म्हणाला. "तुम्ही माझा तास कधी बघितलात? एकदा येऊन बसा. शिकवता येत असेल तर सही करा, नसेल तर काढून टाका. थाळीचं वेगळं. ती मी वाजवीन, पण स्टेजवर नाय, माइकवर नाय. तुमच्या बांधावर, जमिनीवर बसून. आणि त्याच्यासाठी मला हिराजीभाऊंचा रस्ता पायजे. घरातून मिठागरात रोज कुठून जायचे?"

दत्तूशेठ सांगू लागले. अंगण, विहीर, देवळाची मागची बाजू, मग बांध. बांधावर चढल्यावर ते थांबले. परत विहिरीपासून सुरुवात केली, परत बांधावर अडले. भाऊ वीस वर्षं ज्या वाटेने गेला ती वाट त्यांना माहीत नव्हती. तो जायचा तेव्हा ते शाळेत असायचे. चंदरने काही बोलायला नको होतं. पण गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही.

"नववीतली पोरं याच्यापेक्षा लांब जातात," तो म्हणाला.

दत्तूशेठचा चेहरा लाल झाला. निघ, असं ते म्हणाले, आवाज न चढवता. चंदर निघाला. वाटेत त्याला घाम फुटला होता आणि डिसेंबरची सकाळ होती. सखाला फोन केला. सगळं ऐकून म्हातारा म्हणाला, येडा हायस. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, बरोबर बोललास.

सोमवारी सावंतांनी निरोप दिला की प्रस्तावाची फाइल शेठनी घरी मागवून घेतली आहे. तुम्ही तिथे जाऊन काय बोललात हो, असं त्यांनी खरोखरच काळजीने विचारलं. चंदर म्हणाला, इंग्रजी. मंगळवार, बुधवार, गुरुवार काहीच झालं नाही. स्टाफरूममध्ये त्याच्या टेबलाकडे बघणाऱ्या नजरा बदलल्या. चंदर डबा उघडून मुठे खात बसला, नेहमीपेक्षा जरा जास्त आवाज करत. पण वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात तो रस्ता सांगायचा राहिलेल्या पोरांची नावं बोटांवर मोजायचा. ह्या पोरांचे उरलेले रस्ते मार्चपर्यंत ऐकायला आपण इथे असू का?

शुक्रवारी तिसऱ्या तासाला नववी ब च्या दारात दत्तूशेठ उभे राहिले. मागे सावंत, हातात वही, घाम पुसत. पोरं उठून उभी राहिली. चंदरने खडू खाली ठेवला नाही. वर्गाचा एक नियम होता, येणाऱ्याने इंग्रजीत विचारून आत यायचं, मग तो कोणी का असेना. शिपाईसुद्धा नोटीस घेऊन आला की विचारायचा. चंदर दाराकडे बघत उभा राहिला. सावंत डोळ्यांनी खुणावत होते की सोडा हो, शेठ आहेत.

दत्तूशेठनी एकदा सावंतांकडे पाहिलं, एकदा पोरांकडे.

"मे आय कम इन, सर?"

"यस, प्लीज."

ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे आत मावेनात म्हणून पाय बाहेर काढून. त्या दिवशी पाळी पारीची होती. पारी घाबरली नाही, उलट असा प्रेक्षक मिळाल्यावर तिला चेव आला. वाडीतून निघाली, कोंबड्या ओलांडल्या, खारभूमीच्या बांधावर चढली, बगळे मोजले, एका आजीशी भांडली, ते भांडणसुद्धा इंग्रजीत करून दाखवलं, आणि मराठी शब्द एकंदर चारच घातले. बांध उतरून ती हायवेला लागली, तोच मागच्या बाकावरून हात वर आला. काळ्या पट्ट्याचं घड्याळ घातलेला थोराड हात.

"उघाडी राह्यली," दत्तूशेठ म्हणाले. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचा बांधातला दरवाजा. "त्या बांधावर उघाडी हाय. तिच्यावरून उडी मारल्याबिगर पलीकडं जाता येत नाय."

"इन इंग्लिश, शेठ," पारी म्हणाली. सावंतांनी डोळे मिटून घेतले.

दत्तूशेठनी बराच विचार केला. "वॉटर," ते म्हणाले, "दरवाजा." मग कोणीतरी नियम सांगितला की मराठी शब्द चालतो, चालत राहिलं म्हणजे झालं. पारीने परत बांधावर जाऊन उघाडीवरून उडी मारली आणि शाळेत पोचली. मग धडा झाला, बाकावर ठेका धरून. शेवटच्या बाकावर एक मोठं बोट ठेका चुकवत होतं.

तास सुटल्यावर दत्तूशेठनी चंदरला व्हरांड्यात बाजूला घेतलं. आधी तक्रार. "फल्यावर काय लिवलंसच नाय. पोरं परीक्षेत काय लिवतील?" चंदर म्हणाला, बोलता आलं की लिहिता येतं, मागच्या वर्षीचा निकाल बघा. दत्तूशेठ म्हणाले, बघितलाय, फाइल कशाला मागवली मग? त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. प्रस्ताव. सही तिथेच, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून केली, सावंतांचं पेन मागून घेऊन. सहीच्या वर त्यांनी हाताने एक ओळ लिहिली, तास प्रत्यक्ष पाहिला, इंग्रजीचं अध्यापन उत्तम. चंदरने ती ओळ दोनदा वाचली. आभार मानले नाहीत. मेहनतीच्या गोष्टीचे आभार मानायचे नसतात, असं त्याचं मत आहे आणि ते तो कोणालाही ऐकवतो.

मग दत्तूशेठचा आवाज खाली आला. आठवडाभर ते इंदुबाईकडे जात होते. इंदुबाई म्हणजे हिराजीची बायको. त्याच गावात वेगळी राहते, आणि तिला तीस वर्षांत कोणी काही विचारलेलं नव्हतं. तिने दिराला हाताला धरून बांधावरून चालवलं आणि वाट दाखवली. दत्तूशेठ बोटांवर मोजून एकेक ठिकाण म्हणू लागले, धड्याच्या पाठासारखं, आणि ह्या वेळी बांधावर अडले नाहीत.

रविवारचा सोहळा झाला. पानांची गाठोडी न उघडताच ड्रेपरीवाल्याकडे परत गेली. वाडीवरची पोरं लग्नात घालतात त्या कपड्यांत, ढोलकीवर, लग्नात नाचतात तशी नाचली. सूत्रसंचालन पारीचं, इंग्रजीत. तिने मुख्याध्यापकांची ओळख करून देताना त्यांच्या ऑफिसातल्या पेपरवेटचाही उल्लेख केला. का केला ते मोजक्या लोकांना कळलं, आणि सावंत त्यातले एक होते. पाहुण्या साहेबांनी नाच थांबू नये म्हणून भाषण आवरतं घेतलं. चंदरच्या मते पंचवीस वर्षांतलं ते शाळेतलं सर्वांत चांगलं भाषण.

सोमवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने सखा रोह्याहून आला. उजाडल्यावर बांधावर चौघं जमिनीवर बसली. सखा, चंदर, दत्तूशेठ, इंदुबाई. मिठागर तिथे आता नाही, मोकळं खाजण आहे, भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन. चंदरने बोटांना राख लावली आणि काडी ओढली. सखाने त्याला गाऊ दिलं, स्वतः फक्त ऐकत राहिला. दार, विहीर, देवळाची मागची बाजू, बांध. चंदर उघाडीपर्यंत पोचला तेव्हा इंदुबाईने मध्येच हात वर केला.

"चिंच राह्यली," ती म्हणाली. "उघाडीच्या अलीकडं. तिथं पानी प्यायचे. मी द्यायची."

दत्तूशेठनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांना तिने सांगितलं नव्हतं. चंदर गाण्यात बांधाच्या सुरुवातीला परत गेला, हिराजीला चिंचेखाली बसवलं, पाणी प्यायला दिलं, आणि मग उघाडीवरून पुढे नेलं. वाट पुरी झाली. इंदुबाई पदराने डोळे पुसत उठली आणि दिराला म्हणाली, चला भावजी, घरी चहा हाय. तीस वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या घरी चहा प्यायले.

चंदर गेला नाही. त्याने घड्याळ पाहिलं, थाळी बापाच्या हातात दिली आणि मिनीडोर धरण्यासाठी बांधावरून जवळजवळ पळत सुटला. तिसरा तास होता. नववी ब च्या दारात तो पोचला तेव्हा घंटा वाजत होती. आत पाऊल टाकणार, तोच पहिल्या बाकावरून पारीने हात आडवा केला.

"मे आय कम इन, मॅडम?" हिलम सरांनी विचारलं.

"यस," पारी म्हणाली. "बट टुडे युअर टर्न, सर. फ्रॉम होम टू स्कूल."

सर आत आले, टेबलाला टेकून उभे राहिले, आणि इंग्रजीत सांगू लागले की आज सकाळी ते एका बांधावर होते.